पाच किलोच्या खालचं

धरमकाट्यावर बसते मी, वडनेरच्या अलीकडे.
हंगामात कापसाच्या ट्रॉल्या, मेटॅडोर,
एखादा सिमेंटचा ट्रक,
बाकी वेळ खिडकी, पावतीपुस्तक आणि मी.
दिवसभर टनात बोलते.
म्हणून वर्ध्याच्या दुकानात
ग्रॅममध्ये बोलताना जीभ अडखळली.

"एक किलो तीनशेच्या वर नको," म्हटलं,
"डब्याच्या पिशवीत बसला पाहिजे,
एसटीत मांडीवर धरता आला पाहिजे."
मोटवानीनं आधी एक धूड काढलं,
बटणांखाली लाल-निळे दिवे,
पंख्याला आवाज मळणीयंत्राचा.
"ताई, गेमच खेळाचे ना? मंग हाच घ्या.
याच्यात पाण्याचा थेंब बी खराखुरा दिसते."

मला थेंब नको होता.
मला ती गाडी हवी होती,
लाल, चौकोनी, चाकं जराशी षटकोनी,
रस्त्याकडेला कापून उभी केल्यासारखी झाडं,
ढग सगळे एकाच साच्यातले,
आणि मागे एकच धून, सतरा सेकंदांची,
संपली की पुन्हा तीच.
एवढं ओढायला ताकद ती किती लागणार?
"ग्राफिक्स जेमतेम चालेल," म्हटलं.
जेमतेम हा शब्द
असा मिरवून मी कधी वापरला नव्हता.

दोन हजार पाच, हिंगणघाट.
प्लायवूडचे खण, दहा रुपये तास.
टायपिंगच्या क्लासनंतर माझा अर्धा तास,
मुलींसाठी कोपऱ्यातला पडद्याचा खण,
त्यातल्या कीबोर्डचं डावं बटण मेलेलं.
डाव्या वळणावर मी भिंतीला घासत जायचे,
ठिणग्या उडवत,
तरी पहिली यायचे.
यादीत नाव लिहायला तीनच इंग्रजी अक्षरं.
अनसूया त्यात कुठून मावणार?
ए, एन, ए.
कॅफे सांभाळणारा दुर्योधन तोडसाम
महिनाभर त्या नावाखाली दुसरा राहिला.
"कोन बे हा एएनए? काहून हरत नाही?"
मी पडद्यामागे हसू गिळलं.
आजवर सांगितलेलं नाही.

कॅफे बंद झाला तेव्हा सीडी त्यानंच दिली.
बाबांनी ती ज्वारीत टांगली, पोपटांसाठी.
दोन हंगाम चमकली.

आणि आता या लॅपटॉपांना सीडीचं तोंडच नाही.
भाचा हर्षल पेनड्राइव्हवर घेऊन आला कुठूनसा.
"मावशी, चाळीस एमबी?
माया एक व्हिडिओ याच्याहून जड राह्यते."

शेवटी जुनाच घेतला, वापरलेला,
कुण्या बँकेच्या साहेबाचा,
एका कोपऱ्याला टोचा, एक अक्षर पुसलेलं.
रॅम विचारायची राहूनच गेली.
डावं बटण तेवढं दाबून पाहिलं,
चारदा.
"बॅटरी चार तास?"
"साडेतीन," मोटवानी म्हणाला.
अर्धा तास कमी सांगणारा दुकानदार
मी पहिल्यांदा पाहिला. पैसे मोजले.

रात्री ट्रॉल्यांची रांग ओसरल्यावर
नेऊन ठेवला काट्यावर,
त्या भल्याथोरल्या लोखंडी पाटाच्या मधोमध,
आणि खाली उतरून उभी राहिले,
नाहीतर माझंच वजन आलं असतं.
आत येऊन आकडा पाहिला.
शून्य.
पाच किलोच्या खालचं
हा काटा मोजतच नाही.
बराच वेळ मी त्या शून्याकडे बघत बसले,
पावती फाडावीशी वाटली.

मग खिडकीत खेळले. हात विसरले नव्हते,
उलट डावं बटण चालू आहे
याचीच सवय नव्हती,
दर वळणाला भिंतीकडेच जायची गाडी.

तिसऱ्या फेरीत हॉर्न वाजला.
एक बटण दाबलं, गेम थांबला.
हर्षलच्या गेमा थांबत नाहीत म्हणे,
दूर कुठेतरी कोणी वाट पाहत असतं.
हा मुकाट्यानं थांबतो.
"काय पाहून राहिल्या, मॅडम?"
"काही नाही. गाडी जरा पुढे घ्या,
मागचं चाक पाटाबाहेर आहे."

तो पुढे घेईपर्यंत
पडद्यावर माझी लाल गाडी
डाव्या वळणात, अर्धी भिंतीत.